ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात तग धरणारा गेमिंग संगणक

गेमिंग संगणकांच्या चाचण्यांचे जे अहवाल आपण वाचतो, त्यांतल्या बहुतेक चाचण्या वीस ते पंचवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत झालेल्या असतात. 'प्रोसेसर ७० अंशांवर स्थिर राहिला' असे तिथे लिहिलेले असते, तेव्हा खरी माहिती एवढीच असते की तो खोलीच्या तापमानापेक्षा सुमारे पंचेचाळीस अंश वर गेला. ग्वाल्हेरच्या लष्कर या जुन्या भागातल्या आमच्या घरी मे महिन्याच्या दुपारी बाहेर पारा पंचेचाळीसला टेकतो आणि माडीवरची खोली पंखा चालू असूनही चाळिसाच्या खाली येत नाही. तोच प्रोसेसर, तोच हीटसिंक (त्याची उष्णता हवेत सोडणारा धातूच्या पात्यांचा भाग) आणि तोच पंखा तिथे ठेवला, तर सत्तरचे पंच्याऐंशी-नव्वद व्हायला दुसरे काही बिघडावे लागत नाही. त्यामुळे पुतण्यासाठी, आणि खोटे कशाला बोलू, थोडाफार माझ्यासाठीही संगणक जुळवायचे ठरले, तेव्हा अहवालांतला प्रत्येक आकडा मी खोलीचे तापमान वजा करून वहीत उतरवला आणि किमतीच्या रकान्याशेजारी वॅटचा एक रकाना आखला. पुढची सगळी निवड या दोन आकड्यांवरून झाली.

वॅटला इतके महत्त्व देण्याचे कारण असे की संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी सगळी अखेर उष्णता होऊन खोलीतच येते. चारशे वॅट खाणारा संगणक म्हणजे दुपारभर लावून ठेवलेला चारशे वॅटचा हीटर होय. एक टनाचा एसी तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. त्याच्या कामाचा जवळजवळ नववा हिस्सा असा एकटा संगणक खातो. आमच्या घरी तर एसी फक्त आईच्या खोलीत आहे, आणि तो संगणकासाठी मागण्याची माझी प्राज्ञा नव्हती. उष्णता निर्माण झाल्यावर ती हुसकण्यासाठी पैसे घालण्यापेक्षा मुळात कमी निर्माण होईल असे पाहणे आपल्या हवेत स्वस्त पडते, हे मत मी सुरुवातीलाच पक्के केले.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत हा रकाना सर्वांत जास्त कामाला आला. पुतण्याचा मॉनिटर १०८० पिक्सेलचा, तेव्हा फार मोठ्या कार्डाची गरज नव्हती. एनव्हिडियाचे २०२३ साली आलेले आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅटचे आहे. त्याच्या मागच्या पिढीतले ३०६० हे १७० वॅटचे, आणि ४०६०च्याच सुमारास आलेले एएमडीचे आरएक्स ७६०० हे १६५ वॅटचे. १०८० पिक्सेलवर ७६०० आणि ४०६० यांच्या वेगात डोळ्यांना जाणवेल असा फरक बहुतेक खेळांत पडत नाही. किमतीत मात्र ७६०० थोडे उजवे होते, आणि पुण्यात किंवा बंगळूरात राहत असतो तर कदाचित तेच घेतले असते. इथे पन्नास वॅटचा फरक मला त्या पैशांपेक्षा मोठा वाटला. ४०६०ची मेमरी आठ जीबीच आहे, आणि नव्या खेळांत टेक्श्चरची (चित्रातल्या पृष्ठभागांच्या बारकाव्यांची) पातळी एक पायरी खाली ठेवावी लागते, ही त्याची उणी बाजू मान्य करूनच ते घेतले.

प्रोसेसरची निवड त्यामानाने सोपी होती. इंटेलचा कोअर आय-७ १४७००के पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत जातो. तो या खोलीत आणण्याचा प्रश्नच नव्हता. एएमडीचा रायझन ५ ७६०० हा ६५ वॅट गटातला असून मदरबोर्डकडून जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो. तो ९५ अंशांपर्यंत काम करतो आणि तिथे पोहोचला की वेग कमी करून स्वतःला सांभाळतो. बंद पडत नाही. मात्र त्याच्याबरोबर येणारा छोटा हीटसिंक आमच्या दुपारसाठी पुरणारा नव्हता.

इथे सल्ल्यांचा पाऊस पडला. शहरातल्या एकाहून अधिक दुकानांत मला सांगण्यात आले की ग्वाल्हेरच्या गरमीत 'लिक्विड कूलिंग'शिवाय पर्याय नाही. या समजुतीचे मूळ, माझ्या मते, घरोघरच्या खिडकीतल्या पाण्याच्या कूलरमध्ये आहे. तिथे पाणी उघड्या हवेत वाफ होऊन जाते, वाफ होताना हवेतली उष्णता घेते, आणि म्हणून कूलरमधून येणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा खरोखर थंड असते. संगणकातले पाणी बंद नळ्यांत फिरते, त्याची वाफ होत नाही. ते फक्त प्रोसेसरची उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेते, आणि रेडिएटरला मिळते ती खोलीचीच हवा. खोली चाळीस अंशांवर असेल, तर पाणी चाळीसच्या खाली येणे शक्य नाही. अडीचशे वॅटच्या प्रोसेसरला मोठ्या रेडिएटरचा फायदा होतो, पण पंच्याऐंशी-नव्वद वॅटसाठी चांगला हवेचा हीटसिंक आणि पाण्याची यंत्रणा यांत नाव घेण्याजोगे अंतर उरत नाही. शिवाय पंप हा एक जास्तीचा फिरणारा भाग येतो, आणि नळ्यांतले पाणी वर्षानुवर्षे रबरातून थोडे थोडे झिरपत जाते. उष्णतेत ते अधिक झिरपते. मी थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई हा दोन मनोऱ्यांचा, सहा हीटपाइपचा हीटसिंक घेतला. ७६००साठी तो गरजेपेक्षा मोठा आहे, पण मोठा असल्यामुळेच त्याचे पंखे सावकाश फिरून भागते, आणि पंखा गेलाच तर दुसरा गावातच मिळतो.

एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, हा भाग लोक शेवटी उरलेल्या पैशांत घेतात. उष्ण प्रदेशात तो आधी घ्यावा. डब्यावर ६५० वॅट छापलेले असले, तरी ते किती अंशांवर मिळतील हे वेगळे पाहावे लागते. चांगल्या कंपन्या पूर्ण क्षमता ५० अंशांपर्यंत देतात, काही ४० अंशांपर्यंतच, आणि अगदी स्वस्त मालावर त्याचा उल्लेखही नसतो. कॅबिनेटच्या तळाशी ४५ अंशांची हवा ओढणाऱ्या एसएमपीएसच्या बाबतीत हा फरक कागदावरचा राहत नाही. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, त्यामुळे १०५ अंशांच्या दर्जाचे कपॅसिटर आहेत की ८५च्या, हेही विचारून घेतले. माझ्या संगणकाची भूक अडीचशे वॅटच्या आत असताना गोल्ड दर्जाचा ६५० वॅटचा एसएमपीएस घेतला, कारण निम्म्याच्या आसपासच्या भारावर त्याची कार्यक्षमता सर्वोत्तम असते आणि स्वतःची उष्णता कमी राहते. भार कमी असताना पंखा बंद ठेवण्याची सोय त्याच्या मागच्या बटणात आहे. शांततेसाठी ती छान, पण इथल्या गरमीत नको, म्हणून ते बटण मी पहिल्याच दिवशी उलटे केले, आणि आता त्याचा पंखा सतत हळू फिरत असतो.

कॅबिनेट निवडताना काचेचे दर्शनी तोंड असलेले सगळे डबे बाजूला ठेवले. अडीचशे वॅट उष्णता बाहेर नेताना हवा दहा अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल, तर दर मिनिटाला सुमारे १.३ घनमीटर हवा आरपार जायला हवी. त्यात आणखी एक गोष्ट म्हणजे ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सहा टक्क्यांनी विरळ असते, त्यामुळे तोच पंखा त्याच वेगाने फिरूनही थोडी कमी उष्णता वाहून नेतो. म्हणून समोर पूर्ण जाळी असलेले कॅबिनेट घेतले. समोर आत ओढणारे तीन पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एकच. आत येणारी हवा जास्त ठेवली की डब्यात किंचित दाब राहतो आणि धूळ फटींतून शिरण्याऐवजी गाळणीतूनच येते. लू आणि अवेळी उठणारी आंधी यांच्या शहरात हा हिशेब फार उपयोगी पडतो. गाळणी जितकी बारीक तितका पंख्यांना अडथळा जास्त, त्यामुळे मध्यम जाळीची नायलॉनची गाळणी ठेवून ती वारंवार धुण्याचा मार्ग मला जास्त पटला.

आता खोली. माझ्या दृष्टीने खोली हा संगणकाचाच एक भाग आहे आणि तो निवडण्यात मी इतर भागांपेक्षा जास्त वेळ घालवला. जुन्या लष्करातल्या पुष्कळ घरांप्रमाणे आमच्या माडीचे छतही वालुकाश्माच्या फरशांचे आहे. हा दगड दिवसभर उष्णता पितो आणि रात्री अकरा वाजेपर्यंत ती खाली सोडत राहतो. भिंतीला हात लावला तर रात्रीही ऊब लागते. तळमजल्यावरची उत्तरेकडची खोली, जिथे पूर्वी धान्याचे डबे असत, तिथे मी थर्मामीटर ठेवून पाहिला, तेव्हा दुपारी तीन वाजता ती माडीपेक्षा पाच-सहा अंशांनी कमी निघाली. पाच अंश खोलीत कमी म्हणजे पाच अंश प्रोसेसरवर कमी, आणि तेही एक पैसा न खर्चता. किल्ल्यावर राजा मानसिंह तोमराने (राज्यकाल १४८६ ते १५१६) बांधलेल्या मानमंदिरात दोन मजले जमिनीखाली आहेत. उन्हाळ्यात खाली उतरण्याची या गावाची रीत जुनीच आहे. डबे स्वयंपाकघरात हलवण्यासाठी आईची परवानगी लागली. ती मिळाली, पण अटीसह: "कूलरचा वारा त्या पेटीसाठी अडवलास तर पेटी अंगणात जाईल."

कूलरचा प्रश्न खरोखर विचार करण्यासारखा होता. कोरड्या लूच्या दिवसांत बाहेर ४४ अंश असताना आमचा गवताच्या पॅडचा कूलर खोली बत्तीस-तेहतीसवर आणतो, आणि ओल्या पॅडमधून येताना हवेतली बरीच धूळही तिथेच अडकते. आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास गेली तरी त्याने संगणकावर पाणी धरत नाही, कारण चालू संगणकाचे भाग खोलीपेक्षा गरमच असतात आणि दव थंड वस्तूवर पडते. त्रास होतो तो तुषारांचा. पॅडवरून सुटलेले बारीक थेंब पंखे आत ओढतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो. तिघरा धरणाचे नळाचे पाणी असेल तेव्हा हे कमी होते; उन्हाळ्यात बोअरचे जड पाणी कूलरमध्ये पडू लागले की पांढरी पुटे लवकर चढतात. म्हणून संगणक कूलरच्या झोताच्या रेषेबाहेर, बाजूच्या भिंतीशी, जमिनीपासून फूटभर उंच लोखंडी स्टुलावर ठेवला, आणि समोरची खिडकी वीतभर उघडी राहील अशी अडणी लावली. हवेला बाहेर जायला वाट नसेल, तर कूलर खोली थंड न करता नुसती दमट करतो.

खरेदीविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. कार्ड आणि प्रोसेसर दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून पक्क्या बिलासह आणले. वॉरंटीसाठी सिरियल नंबर बिलावर लिहून घेणे महत्त्वाचे, आणि १८ टक्के जीएसटी वाचवण्याच्या मोहात कच्चे बिल घेणाऱ्यांची पुढे जी धावपळ होते ती मी ओळखीच्यांत पाहिली आहे. बाकीचे भाग कुरिअरने घरी आले.

जुळणी सकाळी लवकर केली. मे महिन्यात ग्वाल्हेरची हवा इतकी कोरडी असते की सुती चादर झटकतानाही ठिणगी बसते, आणि असा झटका माणसाला चुटपुटता लागला तरी मेमरीच्या चिपला पुरेसा असतो. त्यामुळे कूलर आधी तासभर चालवून खोलीत थोडी ओल आणली, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधला आणि त्याचे दुसरे टोक कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावले.

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये नेहमीच्या पेस्टऐवजी मी हनीवेलचा पीटीएम७९५० हा पॅड वापरला. पेस्ट वारंवार तापण्या-थंड होण्याने हळूहळू कडेला सरकत जाते. हा पॅड साधारण ४५ अंशांवर मऊ होऊन पसरतो आणि मग जागचा हलत नाही. गंमत अशी की जो पदार्थ प्रोसेसरच्या उष्णतेने विरघळावा म्हणून बनवला आहे, त्याला मे महिन्यात आमच्या कुरिअरच्या गाडीतच ती उष्णता मिळालेली होती. पाकीट उघडले तेव्हा पॅड दोन्ही बाजूंच्या फिल्मला चिकटून बसला होता आणि सोलायला गेले की तार निघत होती. तो तसाच पाकिटात घालून फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी अर्धा तास ठेवला. बाहेर काढल्यावर तो पातळ वडीसारखा ताठ झाला होता. कात्रीने मापात कापला, एका बाजूची फिल्म काढून प्रोसेसरवर बसवला, अंगठ्याने कडा दाबल्या आणि वरची फिल्म कोपऱ्यापासून एका दमात ओढली. रायझन ७०००च्या धातूच्या झाकणाला कडेने आठ खाचा आहेत. पेस्ट लावली असती तर ती त्या खाचांत उतरली असती. पॅडने तो प्रश्न आला नाही.

पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला. पुतण्याचा चेहरा उतरला. "काका, गेला का हो?" असे त्याने विचारले. डीडीआर५ मेमरी पहिल्या वेळी स्वतःला जुळवून घेते आणि त्यात काही मिनिटे जातात, हे माहीत असल्याने मी त्याला बटणापासून दूर बसवले. थोड्या वेळाने बायॉसचा, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगचा, पडदा आला.

खरे काम त्यानंतरचे. बायॉसमध्ये प्रोसेसरची मर्यादा ८८ वॅटवरून ६५ वर आणि तापमानाची मर्यादा ९५ वरून ८५ वर आणली. खेळांत याचा फरक मला मोजूनही नीट दिसला नाही, कारण खेळ क्वचितच सगळे कोअर पूर्ण वापरतात. कार्डासाठी एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या वेगाला किती व्होल्टेज ते दाखवणारी रेषा उघडून २,६१० मेगाहर्ट्झ हा बिंदू ०.९५ व्होल्टवर आणला आणि त्यापुढची रेषा सपाट केली. तासन्‌तास खेळूनही पडदा गोठला नाही, तेव्हा तेच कायम केले. कार्डाची भूक ११५ वरून नव्वदीत आली. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असला, तरी फ्रेम (पडद्यावरची चित्रे) सेकंदाला १२० वर बांधल्या. सॉकेटला लावलेल्या वॅटमीटरवर या तिन्ही बदलांनी मिळून सुमारे पन्नास वॅट उतरलेले दिसले.

पंख्यांच्या बाबतीत एक खास आपल्याकडची अडचण आली. कार्डाचे पंखे ठरावीक तापमानाखाली पूर्ण थांबतात. थंड देशात काहीच न करणारे कार्ड चाळिसाच्या खाली असते, म्हणून ते थांबलेलेच राहतात. इथे नुसते काही वाचत बसले तरी कार्ड पन्नास-पंचावन्नच्या घरात असते, त्यामुळे पंखे मिनिटामिनिटाला सुरू होत आणि थांबत, आणि ती घरघर सतत चालण्यापेक्षा जास्त कानात भरे. थांबण्याची सोय बंद करून ते तीस टक्क्यांवर कायम फिरते ठेवले.

परीक्षेसाठी मुद्दाम नौतपा निवडला. सूर्य रोहिणीत गेला की साधारण २५ मेपासूनचे हे दिवस इथे सर्वांत कडक. दुपारी कूलर चालू ठेवून खोली ३३ अंशांवर असताना, तासभर खेळल्यावर प्रोसेसर ७० वर आणि कार्ड ६८ वर होते. मग कूलर बंद करून, दार लोटून खोली ४१ वर जाऊ दिली. प्रोसेसर ७८ वर गेला आणि कार्ड ७७ वर. खोली आठ अंशांनी वाढली, प्रोसेसर आठने आणि कार्ड नऊने. हा जास्तीचा एक अंश चिप गरम झाल्यावर तिच्यातली विजेची गळती वाढते त्याचा असावा. एसएसडीचे (माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हचे) तापमान मदरबोर्डच्या धातूच्या पट्टीखाली ६२ पर्यंत गेले. पीसीआयई ५ची जास्त तापणारी एसएसडी टाळून चौथ्या पिढीची घेतल्याचे मला तेव्हा समाधान वाटले. घाम पुसत बाहेर येणारे आम्ही दोघे होतो, संगणकाची काही तक्रार नव्हती.

उन्हाळ्यातल्या विजेने मात्र त्रास दिला. दुपारी भार वाढला की व्होल्टेज पडते आणि संध्याकाळी वीज जाते. म्हणून ११०० व्हीएचा यूपीएस लावला, पण तो खेळत राहण्यासाठी नाही, खेळ जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरता आहे. त्याच्या लेड-ॲसिड बॅटरीलाही उष्णतेचा तोच शाप आहे. पंचवीस अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना तिचे आयुष्य निम्म्यावर येते. त्यामुळे यूपीएस कॅबिनेटच्या मागे, जिथे गरम हवा येते, तिथे न ठेवता सर्वांत गार कोपऱ्यात जमिनीवर ठेवला. अर्थिंगही तपासून घेतले. आमच्या भागात खाली मुरूम आणि खडक. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंगचा विरोध वाढतो, आणि कॅबिनेटला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येऊ लागतात. इलेक्ट्रिशियनच्या सांगण्यावरून अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा पुन्हा भरला, आणि आई तुळशीला पाणी घालते तेव्हा एक बादली तिथेही पडते.

जुलैत पाऊस लागल्यावर हिशेब बदलला. बाहेर चौतीस अंश आणि हवा ओलीचिंब असताना कूलरमधले पाणी जेमतेम वाफ होते. तेव्हा त्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवणेच बरे. प्रोसेसरचे आकडे मे महिन्यातल्या कूलरच्या खोलीइतकेच राहिले, पण धूळ दमट होऊन चिकटू लागली. दसऱ्याच्या सफाईत कॅबिनेट उघडले, तेव्हा समोरच्या गाळणीवर करड्या लोकरीसारखा थर होता, हीटसिंकच्या पात्यांवर मात्र बोट फिरवावे लागेल इतकीच धूळ. पांढरा क्षार फक्त सर्वांत खालच्या पंख्याच्या पात्यांवर सापडला. तो व्हिनेगरच्या बोळ्याने निघाला. ब्लोअर मारताना पंख्यांची पाती बोटाने धरून ठेवली, कारण वाऱ्याने ती वेगाने फिरली तर बेअरिंग खराब होते.

पुतण्या आता २०० वॅटच्या कार्डाची चौकशी करतो आहे. वहीतला हिशेब मी त्याला दाखवला: एसएमपीएसला काही अडचण नाही, कॅबिनेटमधूनही तेवढी हवा जाते, पण तळमजल्याची खोली कूलर असूनही दोनेक अंशांनी वाढेल. मार्च ते जूनपर्यंत ते १५० वॅटवर बांधून चालवायला तो तयार असेल, तर माझी ना नाही. आईला मात्र त्यानेच विचारायचे आहे.